घाटपायथ्याची वेळ आणि वडिलोपार्जित मनगटी घड्याळ

कर्जत आणि खालापूर हे रायगड जिल्ह्यातील दोन तालुके समुद्राला कोठेही न लागता सह्याद्रीच्या पायथ्याला टेकलेले आहेत, आणि त्यांचा अर्वाचीन इतिहास हा बराचसा घाट चढण्या-उतरण्याच्या खटपटीचा इतिहास आहे. या भागातील घरांत, कपाटाच्या खणात किंवा आईच्या लुगड्यांच्या घडीत, जी बंद पडलेली चावीची मनगटी घड्याळे सापडतात आणि जी अलीकडे मुले-मुली दुरुस्त करून पुन्हा वापरू लागली आहेत, ती त्याच खटपटीचा एक उशिरा हाती आलेला अवशेष होत. अशा घड्याळाकडे सहसा वडिलांची किंवा आईची आठवण म्हणून पाहिले जाते आणि ते स्वाभाविकही आहे. परंतु घड्याळाची वेळ या खोऱ्यात बाहेरून, म्हणजे आधी रुळांवरून आणि मग वीजगृहाच्या नळांमधून आली, आणि मनगटी घड्याळ हा त्या सार्वजनिक वेळेचा एकेका माणसाच्या वाट्याला आलेला तुकडा होता, ही बाजू लक्षात घेतल्याशिवाय त्या वस्तूचा अर्थ पुरता लागत नाही, आणि ती दुरुस्त करताना काय राखावे व काय बदलावे हेही ठरवता येत नाही.

घड्याळापूर्वी येथे वेळेची मोजणी नव्हती असे नाही. दिवसरात्रीच्या साठ घटिका आणि घटिकेची साठ पळे, म्हणजे आजच्या हिशेबाने घटिका २४ मिनिटांची, हे मान ज्योतिषी व भिक्षुक वापरीत, आणि मुहूर्तासाठी तळाला बारीक भोक पाडलेली तांब्याची वाटी, म्हणजे घटिकापात्र, पाण्यावर सोडून ती बुडेपर्यंतचा काळ मोजीत. 'घटका भरली' हा शेवट जवळ आल्याचा वाक्प्रचार त्या भरत जाणाऱ्या वाटीचाच आहे. 'तास' हा शब्दही मुळात काळाचा नव्हे, ज्या काशाच्या थाळीवर टोला देत त्या थाळीचा. शेतातल्या कामाला इतके सूक्ष्म मान लागत नसे. कोंबडा आरवला, दिवस कासराभर वर आला, तिन्हीसांजा झाल्या, अशा खुणांवर भाताची लावणी-कापणी आणि ठाकर-कातकऱ्यांची रानातली कामे चालत. या साऱ्या मोजणीत वेळ त्या त्या जागेची असे, आणि कर्जतची मध्यान्ह कर्जतच्या माथ्यावरचा सूर्यच ठरवीत असे.

ही जागेची वेळ पहिल्यांदा अडली ती आगगाडीपाशी. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे, जिला लोक पुढे नुसते 'जीआयपी' म्हणू लागले, १८५६ मध्ये कल्याणकडून पळसदरीमार्गे खोपोलीपर्यंत आली. १८५८ मध्ये वर खंडाळ्यापासून पुण्यापर्यंतचा मार्ग सुरू झाला. आणि मधला बोरघाट पोखरून १८६३ मध्ये रूळ जोडले जाईपर्यंत प्रवासी खोपोलीला उतरून पालख्या, तट्टे आणि गाड्यांनी घाट चढत व खंडाळ्याला पुन्हा आगगाडीत बसत. खालची गाडी केव्हा पोहोचते यावर वरची गाडी मिळणे अवलंबून असल्याने, या पाच वर्षांत भोई आणि तट्टूवाल्यांच्या धंद्यालाही वेळापत्रक लागू झाले असले पाहिजे. घटका-दोन घटकांचा हिशेब तेथे पुरण्यासारखा नव्हता.

रेल्वेने पुढे आपल्या मार्गांसाठी मद्रासची वेळ धरली, आणि मद्रासच्या वेधशाळेतून तारायंत्राने जाणाऱ्या संकेतावर स्थानकांची घड्याळे लावली जाऊ लागली. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटे लागतात. कर्जत पूर्व रेखांशाच्या सुमारे ७३ अंश २० कलांवर आणि मद्रास ८० अंश १५ कलांवर असल्याने, रेल्वेची वेळ कर्जतच्या सूर्यापेक्षा सुमारे २८ मिनिटे पुढे असे, आणि मुंबई शहराची स्वतःची वेगळी 'मुंबई वेळ' त्याच सूर्यापेक्षा सुमारे दोन मिनिटे मागे. १ जानेवारी १९०६ पासून साडेब्याऐंशी अंशांच्या रेखांशावर आधारलेली भारतीय प्रमाणवेळ अमलात आली, तेव्हा कर्जतपुरते हे अंतर सुमारे ३७ मिनिटांचे झाले; आजही कर्जतला सूर्य सरासरीने १२ वाजून ३७ मिनिटांच्या आसपास माथ्यावर येतो, तो यामुळेच. मुंबईत या बदलाला कडाडून विरोध झाला आणि ३९ मिनिटे मागची आपली जुनी वेळ शहराने स्वातंत्र्यानंतरही काही वर्षे पुरती सोडली नाही. कर्जतसारख्या गावाला असा हट्ट परवडणारा नव्हता, कारण तेथे वेळ विचारायची ती स्थानकालाच.

स्थानक हेच कर्जतचे घड्याळ होण्याला आणखी एक कारण होते. बोरघाटाचा चढ ३७ फुटांना एक फूट इतका तीव्र असल्याने पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांना मागून रेटा देणारी जादा इंजिने, ज्यांना रेल्वेच्या भाषेत 'बँकर' म्हणतात, कर्जतलाच जोडली जात आली आहेत; त्यामुळे मोठमोठ्या डाकगाड्यांनाही या लहान गावी काही मिनिटे थांबावेच लागे. कर्जतचा बटाटावडा त्या मिनिटांवरच प्रसिद्धीला आला, हे मराठी प्रवाशाला सांगायला नको. इंजिन जोडणारा, सांधेवाला, गार्ड, स्थानकमास्तर अशा माणसांची वस्ती गावात वाढली, आणि मिनिटाला किंमत असते ही जाणीव कर्जतच्या घरांत त्यांच्यामार्फत शिरली. गार्डाचे खिशातले साखळीचे घड्याळ हे त्याच्या हिरव्या-लाल झेंड्यांइतकेच त्याच्या कामाचे साधन होते.

खालापूर तालुक्यात आणि कर्जतच्या भिवपुरीत हेच काम विजेने केले. टाटांच्या जलविद्युत कंपनीने लोणावळ्याच्या परिसरात धरणे बांधून ते पाणी नळांतून पाचशेहून अधिक मीटर खाली खोपोलीला आणले आणि १९१५ मध्ये तेथील वीजगृह सुरू केले; भिवपुरीचे वीजगृह १९२२ मध्ये चालू झाले. मुंबईच्या गिरण्या त्या विजेवर चालू लागल्या, आणि वीजगृह रात्री झोपत नसल्याने त्याच्या पायथ्याशी 'पाळी' हा शब्द विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून आठ तासांच्या कामाच्या पाळीकडे सरकला. वीजगृहातून बाहेर पडणारे पाणी पाताळगंगेत जात असल्याने बारमाही पाण्याची हमी मिळाली, आणि १९६०च्या दशकापासून खोपोलीत पोलादाचे व नळ्यांचे कारखाने आणि रसायनीत हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्स उभे राहिले. भोंगा सर्वांना ऐकू जातो, पण भोंगा होण्याआधी गेटावर पोहोचायचे असेल तर वेळ स्वतःच्या मनगटावर लागते. आणि मुंबईच्या कचेरीत जायला पहाटेची लोकल धरणाऱ्याला तर मनगटावरच्या वेळेविना गत्यंतर नव्हते.

मनगटी घड्याळ ही वस्तू मुळात पुरुषी मानली जात नसे. युरोपात ते बायकांच्या दागिन्यांत मोडे आणि पुरुष खिशातले घड्याळ वापरीत. पहिल्या महायुद्धात खंदकातल्या सैनिकाला एक हात मोकळा ठेवून वेळ पाहणे भाग पडले आणि ही समजूत मोडली. त्या काळी मुंबईच्या बाजारात दोन स्विस नावे चांगली रुळलेली होती. फावर-ल्युबा, ज्याला येथे सर्रास 'फेवरलुबा' म्हणत, १८६५ पासून मुंबईच्या पेठेत होती. वेस्ट एंड वॉच कंपनीची सुरुवात १८८६ची, आणि तिने हिंदी फौजेतल्या शिपायांत इतके गिऱ्हाईक मिळवले की तिच्या सर्वांत गाजलेल्या घड्याळाचे नावच 'सोवार', म्हणजे आपला स्वार, असे पडले. अशी घड्याळे महाग होती, आणि घाटपायथ्याच्या गावात ती पेन्शनीवर आलेला लष्करी माणूस, सावकार, डॉक्टर किंवा वरच्या हुद्द्याचा रेल्वे नोकर यांच्यापुरतीच राहिली असावीत.

सामान्य घरात घड्याळ आले ते दोन-तीन ठरावीक वाटांनी, आणि वारशाचा विचार करताना या वाटा महत्त्वाच्या ठरतात. पहिली वाट लग्नाची. घड्याळ, सायकल आणि अंगठी ही नवऱ्या मुलाला द्यायची वस्तूंची तिकडी महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या चालली, आणि १९६१च्या हुंडा प्रतिबंधक कायद्यानंतरही 'हौसेने दिले' या नावाखाली ती टिकून राहिली. म्हणजे आज मुलगा ज्याला 'बाबांचे घड्याळ' म्हणून जपतो ते पुष्कळदा आईच्या वडिलांनी, कधी कर्ज काढून, घेतलेले असते, आणि त्या वस्तूत एका घराची ऐपत व दुसऱ्या घराची अपेक्षा दोन्ही कोरलेल्या असतात. वारशाच्या गोड कथेत ही बाजू सहसा गाळली जाते. दुसरी वाट पहिल्या पगाराची, आणि तिसरी निवृत्तीच्या निरोपसमारंभाची. या तिसऱ्या वाटेत एक गमतीदार विसंगती आहे, ती अशी की ज्या दिवसापासून वेळेवर पोहोचण्याची गरज संपते त्या दिवशीच माणसाच्या हाती सर्वांत चांगले घड्याळ पडते. आईचे घड्याळ मात्र बहुधा स्वकमाईचे असे. शिक्षिका, परिचारिका, टेलिफोन कचेरीतल्या नोकरदार बायका यांनी ते कामासाठी घेतलेले असे, आणि त्यामुळे मुलीच्या हाती येणाऱ्या त्या इवल्याशा घड्याळाचा इतिहास बाबांच्या घड्याळापेक्षा अनेकदा अधिक सरळ असतो.

या सर्व वाटांवर बहुसंख्येने सापडते ते एचएमटी. हिंदुस्थान मशीन टूल्स या सरकारी कंपनीने जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने १९६१ मध्ये बंगळूरला घड्याळांचा कारखाना सुरू केला, आणि 'जनता', 'पायलट', 'सोना', 'कोहिनूर', स्त्रियांसाठी 'सुजाता' अशी त्याची घड्याळे देशभर गेली. आयातीवर कडक निर्बंध असल्याने स्विस घड्याळ हा तोवर संशयाचा विषय झाला होता. १९६२च्या सीमाशुल्क कायद्याने जप्त केलेला माल तस्करीचा नाही हे सिद्ध करण्याचा भार तो बाळगणाऱ्यावर टाकला, आणि ज्या वस्तूंना हा नियम लावला त्यांत सोन्या-हिऱ्यांच्या जोडीला घड्याळेही नावानिशी होती. जुन्या घड्याळाच्या डबीत पिवळी पडलेली पावती सापडली तर ती फेकू नये, कारण कधी काळी ती घड्याळाइतकीच जपण्याची चीज होती. एचएमटीला असा पुरावा लागत नसे. खोऱ्यातील सरकारी रसायन कारखान्याचा कामगार दुसऱ्या सरकारी कारखान्याचे घड्याळ बांधून पाळीवर जातो, हे चित्र त्या दशकांच्या अर्थकारणाचे नेमके चित्र आहे.

ते चित्र क्वार्ट्झने पुसले. क्वार्ट्झ घड्याळात गारेच्या स्फटिकाची एक बारीक पट्टी बॅटरीच्या विजेवर सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावते आणि त्या कंपनांची मोजदाद करून काटे हलवले जातात. चावी द्यावी लागत नाही आणि चूक महिन्याला काही सेकंदांचीच होते. टाटा समूह आणि तमिळनाडूचे औद्योगिक विकास महामंडळ यांनी १९८४ मध्ये मिळून काढलेल्या टायटनने १९८७ पासून अशी घड्याळे विकायला आरंभ केला, आणि दहा-पंधरा वर्षांत चावीची घड्याळे खणात गेली. ज्या घराण्याने १९१५ मध्ये खोपोलीला पाळीची वेळ आणली त्याच घराण्याच्या कंपनीने पाळीवरच्या कामगाराचे चावीचे घड्याळ निवृत्त करावे, हा योगायोग नोंदवण्याजोगा आहे. एचएमटी वॉचेस बंद करण्यास केंद्र सरकारने जानेवारी २०१६ मध्ये मंजुरी दिली, आणि त्या बातमीने जुन्या एचएमटीची मागणी एकाएकी वाढली.

खणातले घड्याळ पुन्हा चालते करणे म्हणजे काय, हे समजायला त्याची रचना थोडी पाहावी लागते. चावी दिली की एका गोल डबीतली पोलादी स्प्रिंग गुंडाळली जाते. ती उलगडू पाहते आणि तिचे बळ दातेरी चाकांच्या साखळीतून पुढे जाते. शेवटी एक छोटा फाटा, म्हणजे लिव्हर, ते बळ थोडे थोडे करून 'बॅलन्स' नावाच्या झुलत्या चाकाला देतो, आणि केसासारख्या स्प्रिंगमुळे नियमित झुलणारे हे चाक वेळ कापत जाते. जनता किंवा पायलटमध्ये तासाला १८,००० ठोके पडतात, म्हणजे दिवसाला ४,३२,००० आणि वर्षाला पंधरा कोटींहून अधिक. दिवसाला एक मिनिट चुकणारे घड्याळ माणसाला ढिसाळ वाटते, पण ती चूक हजारात एकाहूनही कमी असते. डायलवर लिहिलेली '१७ ज्युएल्स' म्हणजे चाकांच्या टोकांखाली घर्षण कमी करायला बसवलेली कृत्रिम माणके. ती विसाव्या शतकाच्या आरंभापासून कारखान्यात तयार होतात आणि त्यांना रत्नाची किंमत नाही, तरी घड्याळात माणके आहेत म्हणून ते मोडीत न देणाऱ्या घरांनी नकळत पुष्कळ घड्याळे वाचवली.

वीस-तीस वर्षे पडून राहिलेल्या घड्याळात बहुधा काही तुटलेले नसते. तेल सुकून चिकट झालेले असते. 'जास्त चावी दिली म्हणून बिघडले' हा आरोप, जो घराघरांत कोणत्या ना कोणत्या मुलावर झालेला आहे, जवळजवळ नेहमी खोटा असतो: स्प्रिंग पूर्ण भरलेली असते आणि गोठलेल्या तेलामुळे चाके तिला वाट देत नाहीत, एवढेच. घड्याळजी यंत्र पूर्ण उघडतो, सुटे भाग पेट्रोलसारख्या द्रवात धुतो, थकलेली स्प्रिंग बदलतो आणि माणकांवर सुईच्या टोकाने तेलाचा थेंब ठेवतो. या खोऱ्यातले खरे शत्रू दोन, आणि दोन्ही येथल्या इतिहासातूनच आलेले. एक पाऊस: वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या या पट्ट्यात काचेखाली वाफ धरते आणि चावीच्या दांडीपासून गंज आत सरकतो, भिजलेले घड्याळ तांदळात पुरून ठेवण्याचा उपाय तर पिठाची धूळ यंत्रात घालतो. दुसरा चुंबकत्व: वीजगृह आणि विजेच्या भट्ट्या असलेल्या परिसरात मोटारी व जनित्रांजवळ वावरलेल्या घड्याळाच्या केसस्प्रिंगला चुंबकत्व चढते, तिची वेटोळी एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ दिवसाला कित्येक मिनिटे पुढे धावते, चुंबकत्व उतरवण्याचे साधन असले तर हा दोष काही सेकंदांत जातो, नसले तर चांगले यंत्र निकामी ठरवले जाते.

यंत्राबद्दल मतभेद नसतात. ते डायलबद्दल असतात. डागाळलेली डायल घासून, नव्याने रंगवून तिच्यावर अक्षरे पुन्हा छापण्याचा, म्हणजे 'रिडायल'चा, धंदा मुंबईत जुना आहे आणि त्यात कसबही आहे. परंतु मूळची अक्षरे, मिनिटांच्या रेषा आणि रंग त्यात बदलतात. देवनागरी अंकांच्या एचएमटीला संग्राहकांकडून मागणी आल्यावर तर मुळात रोमन किंवा नुसत्या रेषांची असलेली घड्याळेही देवनागरी करून विकली जाऊ लागली. विकण्यासाठी हे चालत असेल. वारशाच्या घड्याळात मात्र तबकडीवरचा डाग हा त्या मनगटाच्या घामाचा, त्या पावसाळ्यांचा आणि त्या पाळ्यांचा उरलेला एकमेव लेख असतो, आणि वाचता येत असेल तोवर तो पुसू नये हे मत अधिक सयुक्तिक आहे. अपवाद एकच. १९६०च्या आधीच्या काही स्विस घड्याळांत अंधारात चमकणाऱ्या अंकांना रेडियमचा रंग असे. त्यातला चमकणारा पदार्थ थकल्याने ती चमक आता गेलेली असते, पण रेडियमचे अर्धे आयुष्य सुमारे १,६०० वर्षांचे असल्याने किरणोत्सर्ग तसाच राहतो, म्हणून असे घड्याळ घरी उघडू नये आणि त्याची भुकटी श्वासात जाऊ देऊ नये.

दुरुस्त झालेले घड्याळ बांधणाऱ्याला एक नवी शिस्त लावून घ्यावी लागते. एकदा भरलेली चावी साधारण दीड दिवस पुरते, तेव्हा ती रोज ठरावीक वेळी, शक्यतो सकाळी, आणि मनगटावरून काढून द्यावी, कारण हातावर असताना दिल्यास दांडीवर तिरपा ताण येतो. चावी अडली की थांबावे. पूर्वी हे काम आकाशवाणीच्या बातम्यांआधी वाजणाऱ्या 'पिप्-पिप्'शी काटे मिळवत होत असे, आज मोबाइल समोर धरून होते. पावसाळ्याचे चार महिने अशा घड्याळाला घरी ठेवणे इष्ट, आणि चामडी पट्ट्यापेक्षा नायलॉनचा पट्टा कोकणच्या घामाला अधिक टिकतो. मिनिटभर मागे पडणारे घड्याळ बांधून कर्जत लोकल गाठायची तर ते पाच मिनिटे पुढे लावण्याची जुनी सवय पुन्हा अंगी येते. मुंबई वेळ आणि रेल्वे वेळ यांच्यात घुटमळणाऱ्या पणजोबांनीही कदाचित तोच उपाय केला असेल.

घड्याळाचे मागचे झाकण उघडल्यावर त्याच्या आतल्या बाजूला, भिंगाखालीच दिसतील अशा बारीक ओरखड्यांनी काही अंक आणि अक्षरे कोरलेली आढळतात. प्रत्येक दुरुस्तीच्या वेळी घड्याळजी आपली खूण आणि बहुधा तारीख तेथे टोचून ठेवतो, म्हणजे तेच घड्याळ पुन्हा आले तर मागचे काम कधी व कोणी केले ते कळावे. बाहेरून झाकणाला पॉलिश दिले जाते तेव्हा वरचे कोरलेले नाव झिजते, पण आतल्या या नोंदींना कोणी हात लावत नाही. एखाद्या झाकणात अशा चार-पाच नोंदी एकाखाली एक असतात, मग वीस-पंचवीस वर्षांची रिकामी जागा, आणि तिच्या खाली नव्या दुरुस्तीची ताजी, अजून चकाकणारी खूण.